‘होणे’ आणि ‘करणे’ : शरीरशुद्धीच्या मराठी परिभाषेचा इतिहास

‘शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर काढणे’ हा वाक्प्रयोग गेल्या काही वर्षांत मराठीत इतका रूढ झाला आहे की, तो पिढ्यान्पिढ्यांचा असावा असे कोणासही वाटावे. पिंपळे गुरव, सांगवी, कासारवाडी ही पवनेकाठची गावे पुण्याच्या औद्योगिक विस्तारात सामावून गेली, त्यांच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि तेथील दुकानांच्या व व्यायामशाळांच्या पाट्यांवर ‘डिटॉक्स’ हा शब्द देवनागरीत लिहिलेला दिसू लागला. पिंपळ आणि गुरव ही दोन्ही नावे ज्या ग्रामनामात अजून जिवंत आहेत, तेथे हा शब्द कालचा पाहुणा आहे हे सांगावयास नको. परंतु पाहुणा येण्यापूर्वी घरात कोण राहत होते? शरीराने नको ते टाकून द्यावे ह्या साध्या गोष्टीविषयी मराठी माणूस कोणत्या शब्दांत बोलत असे, ते शब्द बदलले तेव्हा त्यांच्यामागील कल्पनाही बदलली काय, आणि आजच्या शरीरक्रियाविज्ञानाच्या कसोटीस कोणती भाषा अधिक उतरते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जुन्या शब्दसंग्रहातील मध्यवर्ती शब्द ‘कोठा’ हा होय. त्याचे मूळ संस्कृत ‘कोष्ठ’. कोठी, कोठार ही त्याचीच भावंडे. वैद्यकात कोष्ठ मृदू, मध्य वा क्रूर असतो. बोलीत कोठा जड असतो, हलका असतो, साफ असतो. उपमा धान्याच्या कोठाराची आहे. कोठार भरावयाचे असते आणि वेळच्यावेळी रिकामेही व्हावयाचे असते. त्यात साठले म्हणजे कुजते, पण कोठार हे स्वभावतः विषाचे आगर नव्हे. ‘झाडा’ ह्या शब्दाचीही तीच गोष्ट. झाडणे ह्या क्रियापदापासून आलेला हा शब्द हिशेबाच्या झाड्यात, झाडाझडतीत आणि ‘झाड्याला जाणे’ ह्या ग्रामीण प्रयोगात सारखाच नांदतो. घर झाडून काढणे, हिशेब चुकता करणे आणि पोट मोकळे होणे ह्या तीन गोष्टी एकाच शब्दाच्या छत्राखाली याव्यात, ह्यात नित्याच्या व्यवहाराची दृष्टी आहे; भयाची नाही. ‘शौच’ हा मूळचा शुचितावाचक शब्द मलविसर्जनाचे नाव होऊन बसला, ‘लघवी’ लघुत्वावरून आली, ‘परसाकडे’ तर नुसती दिशा दाखवितो. ह्या सर्व शब्दांत ‘विष’ कोठेही नाही.

नामांपेक्षा क्रियापदे अधिक बोलकी आहेत. पोट साफ होते, शौचाला होते, लघवीला होते, घाम सुटतो, ढेकर येते, भूक लागते, झोप लागते. ह्या वाक्यांत माणूस कर्ता नसून चतुर्थीत उभा आहे : ‘मला’ भूक लागते, ‘त्याला’ घाम येतो. घडणारी गोष्ट शरीरात आपोआप घडते. माणसाच्या वाट्याला ती येते. ह्याच्या उलट ‘शरीर डिटॉक्स करणे’, ‘विषारी द्रव्ये बाहेर काढणे’ ह्या नव्या प्रयोगांत माणूस सकर्मक क्रियापदाचा कर्ता झाला आहे आणि त्याचेच शरीर कर्म झाले आहे. ‘करणे’ ह्या साहाय्यक क्रियापदाच्या आधाराने परकीय शब्द मराठीत सहज सामावून घेतले जातात हे खरे, आणि तेवढ्यावरून तत्त्वज्ञान काढणे धाडसाचे ठरेल. तथापि येथे व्याकरणातील बदल आणि कल्पनेतील बदल हातात हात घालून चालले आहेत, असे पुढील इतिहासावरून दिसून येईल.

वैद्यकाच्या ग्रंथपरंपरेत महाराष्ट्राचे वाग्भटाशी असलेले नाते जुने आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ह्याने ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. धर्मशास्त्राच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’मुळे हेमाद्री सर्वांस ठाऊक आहे, वैद्यकाचा टीकाकार म्हणून मात्र त्याचे स्मरण फारसे होत नाही. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय दिनचर्येचा, तिसरा ऋतुचर्येचा आणि चौथा रोग उत्पन्नच होऊ नयेत ह्या विषयाचा आहे. चौथ्या अध्यायात तेरा वेग सांगितले आहेत : अधोवायू, मल, मूत्र, शिंक, तहान, भूक, झोप, खोकला, श्रमाने लागणारी धाप, जांभई, अश्रू, वांती आणि रेत. हे वेग अडवू नयेत. आणि दिनचर्येत सांगितल्याप्रमाणे ते बळाने आणूही नयेत. मलमूत्राबरोबर तहान, भूक आणि झोप ह्यांची गणना एकाच यादीत व्हावी ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शरीराच्या शुद्धीचा प्रश्न येथे काही काढून टाकण्याचा नसून शरीर जे मागते किंवा टाकते त्याच्या वाटेत न येण्याचा आहे. ह्या तेरांपैकी बहुतेकांसाठी मराठीत येणे, लागणे व होणे हीच क्रियापदे योजिली जातात. शिंक येते, धाप लागते, उलटी होते. ग्रंथाने बोलीस हे शिकविले असे म्हणण्यास आधार नाही. दोहोंचा अनुभव एकच होता एवढेच म्हणता येईल.

येथे एका आक्षेपाचा निर्देश करणे अवश्य आहे. आयुर्वेदात विषाची कल्पना नव्हती असे मुळीच नाही. अगदतंत्र हे आठ अंगांपैकी एक स्वतंत्र अंग आहे. शरीरात दीर्घकाळ मंदपणे राहणाऱ्या ‘दूषीविषा’चे वर्णन आढळते, आणि न पचलेल्या ‘आमा’च्या उग्र अवस्थेस चरकाने ‘आमविष’ म्हटले आहे. वमन, विरेचन, बस्ती इत्यादी शोधनकर्मेही सुप्रसिद्ध आहेत. परंतु शोधन हे वैद्याने, पूर्वतयारीनंतर, विशिष्ट ऋतूत वा विशिष्ट विकारात करावयाचे कर्म होते. निरोगी माणसाच्या रोजच्या दिवसासाठी दिनचर्या होती. ही सीमारेषा व्यवहारात नेहमीच पाळली गेली, असे मात्र समजण्याचे कारण नाही.

जुन्या घरांतील एरंडेलाचा इतिहास ह्या दृष्टीने अप्रिय पण उद्बोधक आहे. मुलाला ताप असो, खरूज असो, अभ्यासात लक्ष नसो, ‘कोठा साफ’ करण्यासाठी एरंडेल हे ठरलेले. अतिसाराने आधीच क्षीण झालेल्या बालकासही रेचक देणारी घरे होती, आणि त्यात शरीरातील पाणी जाऊन होणारी हानी कोणाच्या ध्यानात येत नसे. ‘जुलाब’ ह्या शब्दाचा प्रवासही हीच कथा सांगतो. फारसीतील ‘गुलाब’ म्हणजे गुलाबपाणी. अरबीत त्याचे ‘जुलाब’ झाले व गोड औषधी पेयास ते नाव मिळाले. मराठीत येईतो त्याचा अर्थ प्रथम रेचक औषध आणि मग त्या औषधाचा परिणाम असा झाला. ‘जुलाब घेणे’ पासून ‘जुलाब होणे’ पर्यंतचे अंतर एका शब्दाने पार केले. उपवासाचेही तसेच. वैद्यकाचे ‘लंघन’ निराळे आणि व्रताचा ‘उपवास’ निराळा. दोन्ही शब्द मराठीने वेगळे ठेवले, पण साबुदाणा आणि बटाटा ह्या दोन परदेशी पदार्थांनी व्रताच्या ताटात असे काही बस्तान बसविले की, ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ अशी म्हणच पडली.

लोकवैद्यकातील आणखी एक प्रकार पुढील विवेचनास उपयोगी आहे. काविळीच्या रोग्याच्या हातांस झाडपाल्याचा रस चोळून ते चुन्याच्या निवळीत धुतले की पाणी पिवळे होते, आणि ‘कावीळ उतरली’ असे पाहणाऱ्यास वाटते. पिवळा रंग रस आणि चुना ह्यांच्या संयोगाने येतो. निरोगी माणसाचे हात धुतले तरीही तो येतोच. विषाणूजन्य काविळीचे पुष्कळसे रोगी कालांतराने आपोआप बरे होतात, म्हणून श्रेय ह्या विधीस मिळत राहिले. रोग डोळ्यांना दिसेल अशा रूपाने बाहेर पडावा ही माणसाची ओढ किती जुनी आहे, ते ह्यावरून कळते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात ही ओढ शास्त्राचा वेष घेऊन आली. फ्रान्समध्ये शार्ल बुशार ह्याने १८८७ मध्ये ‘स्वयंविषबाधे’चा सिद्धांत मांडला : आतड्यात कुजणारे द्रव्य रक्तात शिरून शरीर विषारी करते. इंग्लंडमध्ये आर्बथनॉट लेन हा शल्यविशारद तर बद्धकोष्ठाच्या रोग्यांचे मोठे आतडेच काढून टाकू लागला. पुढे १९१९ मध्ये अमेरिकेत वॉल्टर अल्वारेझ ह्याने दाखवून दिले की, मलावरोधात होणारी डोकेदुखी व ग्लानी आतड्यावर येणाऱ्या ताणाने होते. म्हणूनच शौचास झाल्याबरोबर ती जाते. विष रक्तात असते तर इतक्या झटपट उतार पडला नसता. दरम्यान जर्मनीत लायप्झिग येथे लुई कुने ह्याने सर्व रोगांचे मूळ एकच, ते म्हणजे शरीरात साठलेले ‘परके द्रव्य’, असे प्रतिपादून कटिस्नानाचा प्रसार केला. भारतात कुनेला जो लौकिक मिळाला तो त्याच्या स्वदेशातही क्वचित मिळाला असेल. त्याच्या ग्रंथाची भारतीय भाषांत भाषांतरे झाली, आणि त्याच्या ‘परक्या द्रव्या’स ‘विजातीय द्रव्य’ हा प्रतिशब्द मिळाला. निसर्गोपचाराच्या मराठी व हिंदी पुस्तकांत हा शब्द आजही आढळतो. कोठारात साठलेले धान्य आपलेच असते. विजातीय द्रव्य हे परके, घुसखोर. ‘विजातीय’ ह्या शब्दास भारतीय समाजात जो सामाजिक वास आहे तो जर्मन मुळात नव्हता. भाषांतरकारांना त्याची जाणीव असो वा नसो, शब्दाने आपले काम केले.

ह्या विचारांचे महाराष्ट्रातील दोन मोठे प्रयोग पुण्याच्या दोन बाजूंस झाले. मुंबईच्या वाटेवर लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) ह्यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. हठयोगातील धौती, बस्ती, नेती, नौली, त्राटक व कपालभाती ह्या षट्कर्मांस शुद्धिक्रिया म्हणतात. कुवलयानंदांनी नौलीचा अभ्यास क्ष-किरण आणि दाबमापक ह्यांच्या साहाय्याने केला व नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात वातावरणापेक्षा कमी दाब निर्माण होतो हे मोजून दाखविले. योगी पाणी आत कसे ओढून घेतो ह्याचा उलगडा झाला; आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ त्यांनी त्या निर्वातास माधवदासांचे नाव दिले. शुद्धी हा शब्द वापरीत असतानाही ‘काय निघाले’ ह्यापेक्षा ‘काय घडले’ हे मोजण्याकडे त्यांचा कल होता, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. षट्कर्मे मेद व कफ अधिक असणाऱ्यांनी करावीत, इतरांस त्यांची गरज नाही, असे ‘हठप्रदीपिके’तच सांगितले आहे, आजच्या शुद्धिशिबिरांत ह्या अटीचा उच्चार कितपत होतो हा प्रश्न निराळा.

दुसरा प्रयोग पुण्याच्या पूर्वेस. गांधीजींवर कुने आणि आडोल्फ युस्ट ह्या जर्मन निसर्गोपचारकांचा प्रभाव दक्षिण आफ्रिकेपासून होता. (ह्याच गांधीजींवर जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करावी लागली, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांप्रमाणेच त्यांनाही ठाऊक होती.) १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत त्यांनी आरोग्यावरील आपले छोटेखानी पुस्तक लिहून पुरे केले. सुटकेनंतर पुण्यात डॉ. दिनशा मेहता ह्यांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांचा मुक्काम होऊ लागला. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी त्यांनी ह्या कार्यासाठीच्या विश्वस्तपत्रावर सही केली. त्याच जागी १९८६ मध्ये केंद्र शासनाची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था उभी राहिली. परंतु गरिबांसाठी निसर्गोपचाराची संस्था शहरात काढणे ही आपली चूक होती असे गांधीजींस लवकरच वाटले व त्यांनी ते जाहीरपणे लिहिले. मार्च १९४६ मध्ये ते सोलापूरच्या रेल्वेमार्गावरील उरुळी कांचन ह्या गावी गेले, काही दिवस तेथे राहून रोगी तपासले आणि पुढील काम मणिभाई देसाई ह्या तरुण कार्यकर्त्यावर सोपविले.

उरुळीच्या उपचारांत मातीची पट्टी, कटिस्नान, सूर्यस्नान, फळे, ताक आणि रामनाम होते. कुनेचे विजातीय द्रव्यही त्या विचारात होतेच. पण गांधीजींचा भर हळूहळू उपचारावरून राहणीवर सरकला. ग्रामस्थाला जे गावात मिळत नाही ते त्याला सांगू नये, आणि घर, अंगण, विहीर व मळाची जागा स्वच्छ ठेवणे हा निसर्गोपचाराचाच भाग समजावा, ही त्यांची भूमिका होती. शुद्धीचा विषय एकट्याच्या पोटातून उचलून त्यांनी गावाच्या विहिरीपाशी नेला. शास्त्राच्या दृष्टीने उरुळीतील सर्वांत टिकाऊ गोष्ट हीच होय. मातीच्या पट्टीविषयी मतभेद असू शकतील. मणिभाईंनी पुढे १९६७ मध्ये त्याच गावी ‘बायफ’ ही संस्था स्थापून गोपालन व शेती ह्यांत काम केले, आणि १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरोग्याचा मार्ग गोठ्यातून व शेतातून जातो हा त्या कार्याचा गाभा होता.

शरीर विष कसे निरुपद्रवी करते ह्याचा प्रयोगशाळेतील शोध ह्या सर्व वादांपासून दूर, निराळ्याच वाटेने चालला होता. १८४२ मध्ये जर्मनीत केलर ह्याने स्वतः बेंझोइक आम्ल घेऊन आपल्या मूत्रात ते हिप्युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडते असे दाखविले. १९३२ मध्ये क्रेब्ज आणि हेन्सेलाइट ह्यांनी विषारी अमोनियाचा यकृतात युरिया कसा होतो त्याचे चक्र मांडले. इंग्लंडमधील आर. टी. विल्यम्स ह्याने १९४७ मध्ये ह्या विषयावर पहिला सर्वांगीण ग्रंथ लिहिला. परके रसायन यकृतात प्रथम बदलले जाते व मग दुसऱ्या रेणूशी जोडले जाऊन पाण्यात विद्राव्य होते, ही दोन टप्प्यांची मांडणी त्याचीच. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यातील दीड-दोन लिटर मूत्र म्हणून सोडून बाकी परत घेतात. हे कार्य अष्टौप्रहर चालते. त्यास सुरुवात करून द्यावी लागत नाही, आणि निरोगी शरीरात एखाद्या पेयाने ते अधिक वेगाने होते असे सिद्ध झालेले नाही. ‘होते’ हेच क्रियापद येथे यथार्थ ठरते.

ज्या इंद्रियाने हे काम करावे त्याचे नावच मराठीने दुसऱ्यास देऊन टाकले, हा एक भाषिक योगायोग. ‘काळीज’ हा शब्द संस्कृत ‘कालेय’पासून आला व त्याचा मूळ अर्थ यकृत हाच, खाटकाच्या दुकानातील ‘कलेजी’त तो टिकून आहे. पण बोलीत काळीज फाटते, काळीज धडधडते, आणि यकृतासाठी संस्कृताकडे जावे लागते. काळजी घेतली जाते ती भलत्याच अवयवाची, असे कोणी विनोदाने म्हटल्यास त्यास दोष देता येणार नाही.

‘डिटॉक्स’ ह्या शब्दाचे मूळ ग्रीक. ‘तोक्सोन’ म्हणजे धनुष्य; ‘तोक्सिकोन’ म्हणजे बाणास लावावयाचे विष. संस्कृतातही ‘दिग्ध’ ह्या मूळच्या ‘माखलेला’ अशा अर्थाच्या शब्दाने विषारी बाण दर्शविला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत ‘डिटॉक्स’ हे मद्य वा अमली पदार्थ सोडविण्याच्या वैद्यकीय टप्प्याचे नाव झाले. १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. अशा केंद्रांतून हा शब्द आपल्याकडे प्रथम ज्या अर्थाने परिचित झाला तो अर्थ नेमका होता, कारण तेथे विष ठाऊक असते, मात्रा ठाऊक असते आणि वैद्यकीय देखरेख असते. व्यापाराने हा शब्द उचलला तेव्हा विषाचे नाव गळून पडले आणि विक्रीची वस्तू तेवढी राहिली. मिठाच्या पाण्यात पाय बुडवून वीजप्रवाह सोडला की पाणी तपकिरी होते व ‘विष उतरले’ असे सांगतात. तो रंग लोखंडी विद्युदग्रांच्या गंजाचा असतो, पाय नसले तरी येतो. चुन्याच्या निवळीत काविळ उतरविणाऱ्यास हे यंत्र पाहून नवल वाटले नसते.

हे नुसते हास्यास्पद असते तर त्यावर शाई खर्चण्याचे कारण नव्हते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० ह्या काळात मुंबईतील वैद्यांना गुळवेलीचे सेवन करणाऱ्या सहा रोग्यांत यकृताची इजा आढळली व २०२१ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. केंद्रीय आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षास हरकत घेतली, दुसऱ्या वनस्पतीशी गल्लत झाली असावी असे म्हटले, आणि वाद चालू राहिला. वादाचा निर्णय काहीही लागो. संस्कृतात जिचे नाव ‘अमृता’ ती वेलही शेवटी यकृतातूनच जाते, आणि रोज घेतलेला काढा हे त्या इंद्रियावरील वाढीव काम असू शकते, ही गोष्ट ‘शुद्धी’ ह्या शब्दाने झाकली जाते.

पवनेकाठी परत आल्यास विषाचा प्रश्न निराळ्या रूपाने समोर येतो. पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही शासकीय कंपनी स्थापन झाली व पेनिसिलीन तयार होऊ लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. मोटारींचे व यंत्रांचे कारखाने उभे राहिले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत प्रदूषित नदीखंडांमध्ये पवनेचे नाव आहे. यकृताचे खरे शत्रू कोठून येतात हे १९५५–५६ च्या दिल्लीतील काविळीच्या साथीने दाखविले होते : शहराचे सांडपाणी यमुनेतील पाणी उचलण्याच्या ठिकाणापर्यंत पोचले आणि हजारो माणसे आजारी पडली. त्या साथीतील जपून ठेवलेले रक्तद्रव १९८० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या सहभागाने तपासले गेले, आणि ही कावीळ तोपर्यंत ठाऊक असलेल्या प्रकारांतील नव्हे असे निष्पन्न झाले. आज तिला हेपटायटिस ई म्हणतात. पिंपळे गुरव येथील रहिवाशाच्या यकृतासाठी लिंबूपाण्यापेक्षा नळाच्या व गटाराच्या वाहिन्यांमधील अंतर महत्त्वाचे आहे, असे ह्यावरून म्हणावयास हरकत नाही. त्याच्या स्वतःच्या हातात ज्या गोष्टी आहेत त्या जुन्याच : तहानेप्रमाणे पाणी, भाजीभाकरीचे जेवण, चालणे, पुरेशी झोप, मद्यापासून अंतर, आणि कारण नसताना औषध न घेणे. त्यांत हेपटायटिस बी ह्या रोगाच्या लसीची भर नव्या शास्त्राने घातली.

परंतु वेळेवर झोपणे आणि वेग न अडविणे हेही सर्वस्वी ज्याच्या त्याच्या हातात असते काय? कारखान्याच्या गावात दिवसाचे माप दिनचर्येने नव्हे, ‘पाळी’ने ठरते. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. आठवड्यागणिक पाळी बदलली की भूक, झोप आणि शौच ह्यांची वेळही बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीचे काम कर्करोगाच्या संभाव्य कारणांत गणले व २०१९ मध्ये तेच मत कायम ठेवले. यंत्रापाशी उभ्या असलेल्या स्त्रीने लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच कमी प्यावे, हा तहान आणि मूत्र ह्या दोन वेगांचा एकाच वेळी झालेला अवरोध आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने, कलम १८ अन्वये पिण्याच्या पाण्याची आणि कलम १९ अन्वये स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र शौचालये व मुताऱ्यांची सोय, कारखानदारावर बंधनकारक केली. दिनचर्येचा एक लहानसा भाग विधिमंडळाने येथे कायद्याच्या भाषेत लिहिला. वाग्भटाने ज्याला ‘अडवू नये’ म्हटले, त्यासाठी अधिनियमाला दाराची, आडोशाची आणि पिंपाची तरतूद करावी लागली.